पांढऱ्याचे पाच हात

पांढरा हा रंग नसून शिक्षा आहे, हे प्राध्यापकांना वयाच्या चौपन्नाव्या वर्षी कळले. आणि ते पुस्तकातून कळले नाही, हा अपमान वेगळा. काळा रंग चुका पोटात घालतो. तांबडा इतका आरडाओरडा करतो की चुकांकडे कोणाचे लक्षच जात नाही. पांढरा मात्र निष्णात फिर्यादी वकिलासारखा शांतपणे उभा राहतो आणि धुळीचा कण, बोटाचा ठसा, सुकलेला ओघळ अशी एकेक वस्तू पुराव्यादाखल न्यायालयापुढे मांडतो. आरोपीच्या पिंजऱ्यात त्या वेळी हातात रंग फवारणारा एअरब्रश आणि तोंडावर मुखपट्टी असलेले प्राध्यापक उभे असतात.

प्राध्यापक इतिहास शिकवीत. विद्यार्थी त्यांना पाठीमागे 'तळटीप' म्हणत, कारण 'आज उकडतंय' एवढे म्हणतानाही ते आधार देत. त्यांच्या कीर्तीचा पाया म्हणजे मौखिक साधनांच्या अविश्वसनीयतेवरील बासष्ट पानांचा निबंध. त्याला दोनशे चौदा तळटीपा होत्या आणि त्याचे सार एका वाक्यात मावत होते : म्हाताऱ्या माणसाने सांगितलेली गोष्ट जोवर लिहिलेली, दिनांकित आणि त्या प्रकरणात काडीचाही रस नसलेल्या व्यक्तीने नोंदवलेली नसते, तोवर ती गोष्ट नसून नुसता आवाज असतो. या निबंधाने चार विद्वानांना कायमचे गप्प केले होते. त्यांतले दोघे वारल्यामुळे गप्प झाले होते, पण प्राध्यापकांनी ते श्रेय सोडले नव्हते. त्यांचा ऋणनिर्देशही प्रसिद्ध होता. सहाही ग्रंथांत तो एकच होता : 'या ग्रंथातील गुणदोष सर्वस्वी माझे आहेत.' दोष आपले म्हणणारे लेखक पुष्कळ सापडतात. गुणांवरही असा सरळ हक्क सांगणारा विरळा.

असा माणूस हातभर लांबीच्या बोटीला रंग फासायला का बसला, याचे कारण शेजारच्या खोलीत खिडकीशी बसलेले असे.

ते कारण म्हणजे त्यांचे सासरे. खाडीच्या या काठावरून त्या काठावर माणसे नेणाऱ्या एका बोटीवर ते एकतीस वर्षे रंगारी होते. बोट पांढरी. खारे पाणी एका टोकाचा रंग खाई तोवर ते दुसऱ्या टोकाला पोचलेले असत. मग पुन्हा पहिले टोक. एकतीस वर्षांत हे काम एकदाही संपले नाही, आणि संपले नाही याचे त्यांना कधी वाईट वाटले नाही. नऊ वर्षांपूर्वी ती बोट मोडीत निघाली. आता त्यांची नजर मोडीत निघाली होती. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितले होते, "मधलं पुसत जाईल. कडेचं थोडे दिवस राहील. वर्ष धरा. जे दाखवायचं असेल ते दाखवून घ्या." आणि प्राध्यापकांच्या पत्नीला बजावले होते की एक वही घाला, रोज बाबांना काय दिसलं, काय नाही आणि ते काय बोलले, तारखेनिशी लिहीत जा.

त्या दिवशी घरी परतल्यावर सासरे भिंतीकडे तोंड करून म्हणाले होते, "बोट एकदा बघायला हवी होती." ते कोणालाच उद्देशून बोलले नव्हते. म्हणूनच प्राध्यापकांच्या ते मनाला लागले.

आणखीही एक गोष्ट होती, जी प्राध्यापकांनी कोणत्याही ग्रंथात नोंदवली नव्हती. सव्वीस वर्षांपूर्वी, लग्न ठरवायला ते प्रथम त्या घरी गेले तेव्हा भावी सासऱ्यांनी त्यांचा हात हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला आणि म्हटले, "हात मऊ आहेत." बस्स. पुढे सव्वीस वर्षांत त्या विधानात त्यांनी ना भर घातली, ना दुरुस्ती केली. प्राध्यापकांना सहा ग्रंथांवरची एकूण एक समीक्षणे पाठ होती; पण पहाटे दाढी करताना आठवत असे ते हे तीन शब्दांचे.

तेव्हा त्यांनी बंदर कार्यालयातून बोटीचे जुने आराखडे मिळवले आणि दहा महिने अभ्यासिकेचे दार लावून बोट बांधली. शेहेचाळीस खिडक्या, दोन धुराडी, केसाएवढे कठडे. बांधणी निर्दोष झाली, कारण बांधणीला आराखडा होता आणि आराखडा हा लिखित पुरावा असतो. सासऱ्यांना सांगितले होते की ग्रंथलेखन चालू आहे. राखाडी प्रायमर, म्हणजे अस्तराचा थर, चढला. राहिला फक्त पांढरा.

पांढऱ्याविषयी प्राध्यापकांनी बारा लेख आणि दोन पुस्तके वाचली. सात लेखकांच्या मते रंग पातळ करावा, पाचांच्या मते दाट ठेवावा, उरलेले दोघे म्हणत की बाटलीतून काढून तसाच वापरावा. साधनांत मतभेद असता सर्वांत जुने साधन प्रमाण मानावे, हा दंडक. सर्वांत जुना लेख चाळीस वर्षांपूर्वीचा होता आणि 'तसाच वापरावा' म्हणत होता. तो भलत्याच जातीच्या रंगाविषयी होता, ही गोष्ट तिसऱ्या पानावर होती. आणि प्राध्यापक पहिल्या दोन पानांवरच इतके सहमत झाले होते की तिसऱ्याची गरज त्यांना वाटली नाही.

एअरब्रश दोनदा खोकला आणि थुंकला. अर्ध्या तासात बोटीची एक बाजू संत्र्याच्या सालीसारखी झाली.

त्या संध्याकाळी जेवताना सासरे नेहमीप्रमाणे भिंतीकडे बघत होते. भिंतीकडे पाहिले की त्यांना डोळ्याच्या कोपऱ्यातून ताट दिसे. ते सहज म्हणाले, "पांढरा दुधासारखा पातळ लागतो. आमचा पहिला मुकादम डब्यातून काढून तसाच द्यायचा. बोटीला देवी आल्यासारखं दिसायचं."

"असं का," प्राध्यापक म्हणाले. तोंडी परीक्षेत नापास होऊ घातलेल्या उमेदवाराला ते याच सुरात उत्तेजन देत. कथन मौखिक, साल अज्ञात, साक्षीदार हितसंबंधी. त्यांनी भाजीकडे लक्ष वळवले.

बोट न्हाणीघरातल्या बादलीत, रंग उतरवायच्या द्रावणात बुडाली आणि दात घासायच्या ब्रशाने खरवडून निघाली.

"अहो, माझी निळी बादली कुठाय?" पत्नीने दाराबाहेरून विचारले.

"ती सध्या जहाजबांधणी खात्याकडे आहे."

"आणि माझा ब्रश?"

प्राध्यापकांनी या प्रश्नावर भाष्य करणे टाळले.

दुसऱ्या खेपेस त्यांनी बहुमत मानले आणि रंग पातळ केला. सासऱ्यांचे ऐकून नव्हे. सात विरुद्ध पाच, हा निव्वळ आकड्यांचा प्रश्न होता. पण राखाडी रंग खालून डोकावत राहिला, आणि पांढऱ्यातून राखाडी डोकावणे हे प्राध्यापकांना मुद्रणदोषासारखे असह्य झाले. त्यांनी एअरब्रश जवळ नेला आणि एका दमात निकाल लावायचे ठरवले. निकाल लागला. रंग ओघळला, खिडक्यांखाली साचला, आणि शेहेचाळीस खिडक्यांतून बोट रडू लागली.

"पहिला हात दिलाय की नाही यावर दोघांचं भांडण झालं पाहिजे," सासरे त्या संध्याकाळी पाण्याचा पेला चाचपत म्हणाले, "तर तो खरा पहिला हात. एका हातात झाकायला गेलं की बोट रडते."

"बाबा, कशाबद्दल बोलताय?" मुलीने विचारले.

"काही नाही गं. आठवलं." मग थोडे थांबून, "जावईबापू, मोठा ग्रंथ दिसतो हो. घरघर आवाज करतो."

हा आवाज फक्त घरातच ऐकू जात होता असे नाही. अभ्यासिकेच्या बरोब्बर खाली दातांच्या डॉक्टरीणबाईंचा दवाखाना होता. तिसऱ्या प्रयत्नाच्या दिवशी, एअरब्रशला हवा पुरवणारा कॉम्प्रेसर सुरू होऊन दहा मिनिटे झाली असतील-नसतील, तोच त्या पांढऱ्या डगल्यासकट वर आल्या.

"सर, तुमच्याकडे काय चाललंय ते मला विचारायचं नाही. पण माझ्या हातात काहीच नसताना माझा पेशंट खुर्चीतून उठून पळाला. म्हणाला, 'तुम्ही सुरू केलंत.' मी म्हटलं, मी हातमोजेपण घातले नाहीत अजून. आज हा दुसरा!"

प्राध्यापकांनी क्षमा मागितली. म्हणजे त्यांच्या परीने मागितली : ध्वनीच्या दिशेविषयी पेशंटचा अनुमानदोष झाला आहे, हे त्यांनी तीन मुद्द्यांत दाखवून दिले. डॉक्टरीणबाई शांतपणे खाली गेल्या आणि त्यांनी इमारतीच्या समितीकडे तक्रार दिली.

समितीचे सेक्रेटरी हे नियमाने जगणारे गृहस्थ होते. ते दुसऱ्याच दिवशी छापील अर्ज घेऊन आले. घरातून आवाज येणार असेल तर परवानगी हवी, आणि अर्जात आवाजाचे दोनच प्रकार होते : वाद्य आणि पाळीव प्राणी.

"हे दोन्हींपैकी काहीच नाही," प्राध्यापक म्हणाले.

"तसं चालत नाही सर. तिसरा रकाना नाही."

"मग तिसरा रकाना घाला."

"त्यासाठी सर्वसाधारण सभा लागेल. ती वर्षातून एकदा होते. झाली गेल्या महिन्यात." सेक्रेटरींनी चष्मा वर केला. "वाद्य लिहा ना."

"वाद्य लिहिलं तर?"

"रोज फक्त अर्धा तास. तोही संध्याकाळी, आणि वर्षातून एकदा समितीपुढे वाजवून दाखवावं लागतं."

"आणि प्राणी?"

"प्राण्याला वेळेचं बंधन नाही. तो बिचारा काय घड्याळ बघून आवाज करतो? फक्त चावत नाही असं डॉक्टरांचं पत्र लागेल."

ज्या माणसाने एका शिलालेखाच्या तारखेसाठी तीन विद्यापीठांशी वैर घेतले होते, त्याने त्या दुपारी 'प्राण्याचे वर्णन' या रकान्यात स्वहस्ते लिहिले : 'करड्या रंगाचा, चौकोनी, बसका.' आपल्या हस्ताक्षरातला हा एक अस्सल दस्तऐवज पुढच्या शतकातील संशोधकांच्या हाती लागेल आणि ते त्यावर बासष्ट पाने लिहितील, या विचाराने त्यांना दोन दिवस घास गोड लागला नाही.

पत्रासाठी त्यांना ओळखीचा डॉक्टर एकच होता, म्हणजे होती, म्हणजे जिने तक्रार केली तीच. पत्नीने त्यांना ढकलतच खाली नेले. "तुम्ही बोलू नका," ती म्हणाली, "मी बोलते." आणि तिने सगळे सांगितले : बाबांचे डोळे, बोट, दहा महिने, बादली. डॉक्टरीणबाई ऐकत राहिल्या. मग त्यांनी आपला छापील कागद ओढला आणि लिहिले : 'सदर प्राणी तपासला. त्यास दात नाहीत. चावण्याची शक्यता आढळली नाही.'

कागद देताना त्या म्हणाल्या, "एक ते चार माझा दवाखाना बंद असतो. तेव्हा भुंकू दे त्याला हवा तेवढा. आणि सर, हवेच्या नळीत पाणी साठतं, ते काढता का तुम्ही? नाही ना? मग रंगावर पाण्याचे डाग पडत असणार."

ते तसे पडले होते. तिसरा प्रयत्न त्या डागांनीच बुडवला होता. बाईंनी पाणी अडवणारी जुनी बाटली, दोन मुखपट्ट्या आणि दात घासायचे डझनभर ब्रश दिले. प्राध्यापक वर येताना जिन्यात काहीतरी पुटपुटले. ते 'धन्यवाद' होते असे पत्नीचे मत आहे. दुसरा साक्षीदार नाही.

चौथ्या खेपेस, ओघळाची धास्ती घेतलेल्या प्राध्यापकांनी एअरब्रश वीतभर लांब धरला. रंग वाटेतच सुकला आणि बोटीवर पीठ बसावे तसा बसला. बोट खडूसारखी खरखरीत झाली. खरवडताना मागचे धुराडे तुटले.

"लांबून मारला की पांढरा वाटेतच म्हातारा होतो," सासरे त्या संध्याकाळी म्हणाले. आणि चहाचा कप घ्यायला त्यांनी हात पुढे केला, तो कपाच्या दोन बोटे अलीकडेच मिटला. त्यांनी तो तसाच मांडीवर ठेवला, जणू काही घ्यायचेच नव्हते.

प्राध्यापकांनी ते पाहिले. धुराडे पुन्हा चिकटवता येणार होते.

दुसऱ्या दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे तपासणी होती. पत्नीला कामावरून सुट्टी मिळेना, म्हणून जायचे प्राध्यापकांनी. वही तिने त्यांच्या हाती दिली. सासरे आत तपासणीच्या खोलीत असताना प्राध्यापक बाहेरच्या बाकावर बसले आणि हातात आलेला कोणताही कागद वाचायचा या जन्मजात खोडीने त्यांनी वही उघडली.

'मंगळवार. ताट दिसलं. पेल्याची कड दिसली नाही. म्हणाले : पांढरा दुधासारखा पातळ लागतो.'

'शनिवार. खिडकीची चौकट वाकडी दिसते म्हणाले. मग : पहिला हात दिलाय की नाही यावर भांडण झालं पाहिजे.'

प्राध्यापकांनी खिशातली छोटी डायरी काढली. तिच्यात त्यांनी आपले पराभव नोंदवले होते, कारण पराभवही दिनांकित असावा. मंगळवार : संत्र्याची साल. शनिवार : ओघळ. त्यांनी दोन्ही वह्या गुडघ्यांवर शेजारी शेजारी ठेवल्या आणि बोट फिरवत गेले. पाण्याच्या डागांच्या दिवशी : 'म्हणाले, हवा कोरडी नसेल तर रंगाला हात लावू नये.' पिठाच्या दिवशी : 'वाटेतच म्हातारा होतो.' मधल्या रिकाम्या दिवसांतही होते : 'म्हणाले, कडा आणि खिडक्या आधी, मैदान मागून.' 'म्हणाले, पांढऱ्यात थेंबभर काळा टाकला तर तो झाकतो. नुसता पांढरा नुसताच मिरवतो.' 'म्हणाले, एक हात झाला की खाली जाऊन चहा प्यायचा, तहान नसली तरी. नाहीतर हात पुन्हा तिकडेच जातो. असे पाच.'

लिहिलेले होते. दिनांकित होते. आणि लिहिणाऱ्या व्यक्तीला पांढऱ्या रंगात काडीचाही रस नव्हता. तिला फक्त तिची निळी बादली परत हवी होती. बासष्ट पानांच्या निबंधातली प्रत्येक अट पुरी झाली होती. प्राध्यापक बाकावर बसून राहिले. शेजारच्या बाईंनी विचारले, "काही त्रास होतोय का?" ते म्हणाले, "हो. पण जुना आहे."

पाचव्या खेपेस त्यांनी वही समोर उघडून ठेवली, पानावर पेपरवेट ठेवला आणि पांढऱ्यात एक थेंब काळा टाकताना डोळे मिटून घेतले. दुपारी एक ते चार. प्राणी भुंकत होता. पहिला हात त्यांनी चार बोटे अंतरावरून, कडा आणि खिडक्या धरून असा दिला की दिला की नाही याची त्यांना स्वतःलाच शंका आली. भांडायला दुसरे कोणी नव्हते म्हणून ते स्वतःशीच भांडले. मग चहा. दुसरा हात, चहा. तिसऱ्यापर्यंत राखाडी दिसत होता आणि त्यांचा हात शिवशिवत होता; पत्नीने कप हातात देऊन त्यांना अक्षरशः स्वयंपाकघरात बसवले. नेमके तेव्हाच 'प्राण्याची पाहणी' करायला आलेल्या सेक्रेटरींनाही चहा मिळाला. त्यांनी दाराच्या फटीतून आत पाहिले, खूप वेळ पाहिले, आणि वहीत लिहिले : 'प्राणी शांत. घरातील मंडळींवर माया दिसते.' चौथा हात. चहा. पाचवा.

पाचव्यानंतर बोट पांढरी झाली. पांढरी म्हणजे जणू कधी वेगळी नव्हतीच अशी.

दोन दिवस सुकू देऊन त्यांनी ती सासऱ्यांच्या खोलीत नेली आणि खिडकीच्या उजेडात मेजावर ठेवली. प्रस्तावनेचे चार परिच्छेद त्यांनी तयार केले होते. "बाबा," ते म्हणाले, आणि पुढचे परिच्छेद कुठे गेले ते त्यांना सापडेना.

सासऱ्यांनी तोंड भिंतीकडे वळवले. डोळ्याच्या कोपऱ्यातून, तिरके, खूप वेळ ते बोटीकडे बघत राहिले. मान किंचित डावीकडे, किंचित उजवीकडे; टोकापासून टोकापर्यंत. मग हात पुढे केला. या वेळी तो अलीकडे मिटला नाही. तर्जनी नाळेवर, बोटीच्या पुढच्या टोकावर, टेकली आणि काठाकाठाने, एकतीस वर्षांच्या सवयीने, मागे सरकत गेली. सुकाणूपाशी ती थांबली.

"इथे कण आहे एक."

"काढतो," प्राध्यापक घाईने म्हणाले.

"राहू दे. खऱ्या बोटीवरही होता. तिथंच होता." बोट पुढे सरकले. "काळा टाकलात."

"थेंबभर. तुम्हीच म्हणालात."

"ऐकत होतात होय?"

"नाही," प्राध्यापक म्हणाले. आयुष्यात प्रथमच त्यांनी विनाआधार खरे बोलून टाकले. "वाचलं. तुम्हाला सगळं माहीत होतं?"

"जावईबापू, एकतीस वर्षं नाकात तोच वास होता. दहा महिने तुम्ही दार लावून चिकटवताय, घासताय. पहिल्या दिवशी पांढऱ्याचा वास आला तेव्हाच कळलं, आता तुम्ही अडणार."

"मग सरळ सांगायचं नाही का, बाबा!" दारातून पत्नी म्हणाली.

"सांगितलं असतं, तर यांनी पुरावा मागितला असता." सासरे हसले. "तुझ्या वहीत टिपून होत होतं, तेवढं पुरे होतं. एकदा वाचतील म्हटलं. वाचल्याशिवाय राहणारा माणूस नाही हा."

मग त्यांनी प्राध्यापकांचा हात हातात घेतला. उलटा केला, सुलटा केला. अंगठ्यावर पांढऱ्याचा एक सुकलेला ठिपका होता, तो नखाने खरवडून पाहिला.

"मऊ आहेत," ते म्हणाले. "पांढऱ्याला मऊच हात लागतो. जाड हाताचे आमच्याकडे सगळे बोटीच्या तळाला, काळ्या रंगावर होते. मी म्हटलं होतं तेव्हाच."

सव्वीस वर्षे एका समीक्षणाचा आपण चुकीचा अर्थ लावत होतो, असे प्राध्यापकांना त्या खिडकीशी समजले. असा घोर प्रमाद त्यांनी दुसऱ्या कोणाच्या लेखनात पाहिला असता तर त्याला जिवंत सोडले नसते. इथे त्यांनी फक्त नाक शिंकरले आणि दोष मुखपट्टीला दिला.

त्या आठवड्यात बोट ज्यावर बसवली होती त्या लाकडी पाटाखाली एक चिठ्ठी चिकटली. सुवाच्य, बारीक अक्षर. 'प्रस्तुत बोटीतील दोष माझे. गुणांसाठी ऋणी आहे : दातांच्या डॉक्टरीणबाई, ज्यांनी तक्रार केली, सेक्रेटरी, ज्यांच्याकडे तिसरा रकाना नव्हता, सौभाग्यवती, जिने ऐकले आणि लिहून ठेवले, व जिची बादली परत केली आहे. मुख्य आधार : बाबा (मौखिक).'

पत्नीने पाट उलटा करून ते वडिलांना वाचून दाखवले. त्यांनी भिंतीकडे बघत शेवटपर्यंत ऐकले.

"कंसातला शब्द पुन्हा वाच," ते म्हणाले.

तिने वाचला.

"बरं," सासरे म्हणाले. "आता चहा टाक. त्यांनाही बोलाव. तहान नसली तरी."